श्रीमंतीचं जपानी अक्षर, ज्यात पैसाच नाही

टोफू हा शब्द जपानीत दोन अक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ सोयाबीनसारखा दाणा, आणि दुसऱ्याचा अर्थ कुजणं, नासणं. आपणही पनीरसाठी दूध नासवतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण विकायच्या पाकिटावर 'नासलेलं' असं ठळक छापायचं म्हणजे जिवावरच येणार. म्हणून जपानातले काही टोफूवाले आणि टोफूची खास हॉटेलं दुसरं अक्षर सरळ बदलून टाकतात. त्या जागी ते उच्चारानं तंतोतंत तसंच, 'फु' असंच, दुसरं अक्षर लिहितात. त्याचा अर्थ समृद्धी. चव तीच, उच्चार तोच, पण कागदावर नासके दाणे एकदम श्रीमंत दाणे होतात.

हा लेख त्या समृद्धीच्या अक्षराबद्दल आहे. जपानीत चिनी वळणाची जी अक्षरं वापरतात त्यांना कांजी म्हणतात. रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेल्या यादीत अशी २१३६ अक्षरं आहेत, आणि श्रीमंतीशी संबंध असलेली त्यांत डझनावारी निघतील. तरी 'संपत्ती' म्हटलं की अर्थशास्त्राच्या पुस्तकापासून लॉटरीच्या कायद्यापर्यंत हेच अक्षर भेटतं. आणि गंमत म्हणजे जपानच्या नकाशावर हे अक्षर जिथं जिथं दिसतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी त्याचा श्रीमंतीशी काडीचाही संबंध नसतो.

आधी ते काढून बघू. कागद-पेन्सिल घ्या, बारा रेघांचं काम आहे. सगळ्यात वर मधोमध एक छोटा उभा ठिपका. त्याच्या डावीकडे खाली एक आखूड रेघ, आणि तिथूनच उजवीकडे जाणारी लांब आडवी रेघ, जिचं टोक शेवटी खाली-आत वळतं. या तीन रेघांचं झालं छप्पर. छपराखाली एक साधी आडवी रेघ. तिच्याखाली लहान चौकोन, तीन रेघांत: आधी डावी बाजू, मग वरची आणि उजवी एका झटक्यात, शेवटी तळाची. त्याच्याखाली जरा रुंद चौकोन, आत अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेघा. हा पाच रेघांचा. तळाची रेघ मात्र सगळ्यात शेवटी ओढायची, आतलं भरून झाल्यावर. तीन, एक, तीन आणि पाच, झाल्या बारा.

आता जपानी शिकवण्याच्या कुठल्याही वर्गात या अक्षराची एक गोष्ट सांगतात. छप्पर म्हणजे घर, आडवी रेघ म्हणजे 'एक', लहान चौकोन म्हणजे 'तोंड', चार खणांचा चौकोन म्हणजे 'शेत'. घर आहे, शेत आहे आणि खाणारं तोंड एकच, मग माणूस श्रीमंत होणार नाही तर काय! लक्षात ठेवायला ही गोष्ट झकास आहे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तिच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. फक्त ती खरी नाही. छपराखालचे ते तीन तुकडे मुळात वेगळे नाहीतच. तिन्ही मिळून एकच चित्र आहे, मान बारीक आणि पोट सुटलेलं एक भांडं. आपल्याकडच्या रांजणासारखं, काठोकाठ भरलेलं. ब्रशानं भराभर लिहिता लिहिता त्या भांड्याच्या गोलाव्याचे चौकोन झाले, आणि पुढच्या पिढ्यांना त्यात तोंड आणि शेत दिसायला लागलं.

हे भांडं एकट्या श्रीमंतीच्या अक्षरात नाही. डाव्या बाजूला देवाच्या वेदीचं चिन्ह लावलं की होतं 'फुकु', म्हणजे भाग्य, कल्याण. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या दिवशी जपानी घराघरांतून भाजलेले सोयाबीन फेकत 'ओनि वा सोतो, फुकु वा उची' असं ओरडतात, राक्षस बाहेर, भाग्य घरात. त्यातलं फुकु ते हेच. डावीकडे कापडाचं चिन्ह लावलं की होते रुंदी. उजवीकडे सुरीचं चिन्ह लावलं तर होतो 'उप', उपाध्यक्षातला. या भावंडांत अर्थ पांगले आहेत, पण उच्चार फु-फुकु यांच्याच आसपास घोटाळतात, कारण भांड्याचं मुख्य काम इथं आवाज सांगायचं आहे. इसवी सन १०० च्या सुमाराला चीनमध्ये तयार झालेल्या 'श्वोवन च्येझ' या जुन्या अक्षरकोशातही आपलं अक्षर असंच फोडलं आहे. छप्पर अर्थासाठी, भांडं आवाजासाठी. तिथं दिलेला अर्थ 'श्रीमंत' असा नाहीच. तिथं म्हटलंय: सगळं सज्ज असणं, किंवा जाड, भरीव असणं.

यात पैसा कुठं आहे? नाही. आणि ही गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे, कारण कांजीत पैशाला स्वतःचं ठरलेलं चिन्ह आहे. ते म्हणजे कवडी.

प्राचीन चीनमध्ये कवड्या मौल्यवान होत्या. आन्यांगला १९७६ साली शांग राजघराण्यातल्या फू हाओ या राणीची न लुटली गेलेली कबर सापडली, तिच्यात सुमारे सात हजार कवड्या होत्या. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे अक्षरं घडत होती तेव्हा व्यवहाराशी संबंधित जवळजवळ प्रत्येक अक्षरात कवडीचं चित्र जाऊन बसलं: विकत घेणं, साठवणं, खर्च, भाडं, माल, बक्षीस, कर्ज. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. हिंदी महासागरातल्या, विशेषतः मालदीवच्या कवड्या भारतात कित्येक शतकं चिल्लर म्हणून चालल्या. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी हे शब्द मराठीत त्याच बाजारातून आले, आणि तुळजाभवानीच्या कवड्यांच्या माळेतल्या कवड्याही त्याच जातकुळीतल्या.

तर 'गरीब' या अर्थाच्या कांजीत कवडी आहे. वर 'वाटणं, विभागणं' याचं चिन्ह, खाली कवडी. वाटून वाटून उरली नाही, म्हणून गरीब. आणि 'श्रीमंत' या कांजीत कवडी नाही, घरात भरलेलं भांडं आहे. गरिबीचा हिशेब पैशात आणि श्रीमंतीचा भरलेपणात, असं कुणी बसून ठरवलं नसणार. दोन अक्षरं वेगवेगळ्या वाटांनी घडली, एवढंच. पण आजच्या जपानीत हा फरक अजून टिकून आहे आणि भाषा शिकणाऱ्याला तो पावलोपावली नडतो.

उच्चाराचं आधी संपवतो. बहुतेक कांजीला दोन प्रकारचे उच्चार असतात, एक चिनीतून आलेला आणि एक अस्सल जपानी. आपल्या अक्षराचा चिनी घराण्यातला उच्चार 'फु'. यात दात ओठाला लागत नाही, ओठांतून नुसती फुंकर जाते. एखाद-दुसऱ्या शब्दात तोच लांबून 'फू' होतो. जपानी उच्चार 'तोमी' म्हणजे संपत्ती, आणि क्रियापद केलं की 'तोमु', संपन्न असणं. दोन कांजी जोडून शब्द झाला की बहुधा 'फु', अक्षर एकटं उभं असलं की 'तोमी'. नावांत मात्र कुठलाच नियम चालत नाही.

आता वापर. समजा, तुम्हाला 'शेजारी फार श्रीमंत आहेत' असं म्हणायचंय. इथं हे अक्षर बाजूला ठेवा. बोलीत शब्द आहे 'ओकानेमोची'. ओकाने म्हणजे पैसा, मोची म्हणजे बाळगणारा. शेजाऱ्याच्या बाबतीत 'तोमी' म्हणालात तर ऐकणाऱ्याला कीर्तनकार बोलतोय असं वाटेल. 'तोमी' हा लेखी, भारदस्त शब्द. अग्रलेखात संपत्तीचं फेरवाटप म्हणायचं असेल तर 'तोमी नो साइबुनपाइ', समाजातली श्रीमंत-गरीब दरी म्हणायची असेल तर 'हिनपु नो सा'. या 'हिनपु'त गरिबीचं कवडीवालं अक्षर आणि आपलं भांड्याचं अक्षर शेजारी-शेजारी बसलेली असतात. 'फु'चा 'पु' झालाय तो आधीच्या अनुनासिकामुळे.

बातम्यांत सारखा भेटणारा शब्द 'फुयूसो', धनिक वर्ग. हा मोघम वाटतो, पण जपानात त्याला बऱ्यापैकी नेमकी व्याख्या चिकटली आहे. नोमुरा संशोधन संस्था कुटुंबांची वर्गवारी करते, तिच्यात ज्या घराकडे कर्ज वजा जाता १० कोटी येन किंवा त्याहून जास्त आर्थिक मालमत्ता आहे ते फुयूसो, आणि ५० कोटींच्या वर गेलं की 'अति'फुयूसो. आर्थिक मालमत्ता म्हणजे ठेवी, शेअर, विमा वगैरे. राहतं घर आणि जमीन यात धरत नाहीत. म्हणजे अक्षरात छप्पर आहे आणि व्याख्येत नेमकं तेच वगळलंय.

पण हे अक्षर खरं राबतं ते पैशाचा विषयच नसलेल्या जागी. 'होफु' म्हणजे विपुल. भाजीत जीवनसत्त्वं होफु असतात, हॉटेलचा मेन्यू होफु असतो, नोकरीच्या अर्जात उमेदवार 'केइकेन होफु', म्हणजे दांडगा अनुभव असलेला. 'तोमु' हे क्रियापदही तसंच. किनारपट्टी वैविध्यानं 'तोमु', माणूस विनोदबुद्धीनं 'तोमु'. यासाठी आपल्याकडे 'संपन्न' आहे. गुणसंपन्न, अनुभवसंपन्न म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे बँकेचं पासबुक येत नाही. शिकणाऱ्यानं 'तोमु'ला मनातल्या मनात 'संपन्न असणं' म्हणावं, 'श्रीमंत असणं' म्हणू नये. निम्म्या चुका तिथंच टळतात. वाक्यरचनेत एक लहानशी पाचर आहे. ज्यानं संपन्न त्याच्यापुढे 'नि' हा प्रत्यय लागतो, 'हेन्का नि तोमु', बदलांनी भरलेलं. मराठीतल्या तृतीयेची सवय असल्यानं आपण तिथं आपल्या 'नं'सारखा 'दे' लावून मोकळे होतो.

पोरांच्या तोंडी हे अक्षर येतं ते पत्त्यांमुळे. 'दाइफुगो' म्हणजे महाधनाढ्य, हा जपानातला शाळा-कॉलेजच्या सहलींतला हमखास डाव. पत्त्यांत तिर्री सगळ्यात कच्ची आणि दुर्री सगळ्यात पक्की, जोकर सोडला तर. ज्याचे पत्ते आधी संपतील तो दाइफुगो, दुसरा नुसता फुगो, शेवटून दुसरा गरीब, आणि शेवटचा महागरीब. खरी मजा पुढच्या डावात. पत्ते वाटून झाले की महागरिबानं आपल्या हातातले सगळ्यात भारी दोन पत्ते महाधनाढ्याला द्यायचे, आणि त्यानं बदल्यात आपल्याकडचे नको असलेले दोन महागरिबाच्या हातावर टिकवायचे. गरीब आणि फुगो यांच्यात एकेका पत्त्याची देवघेव. त्यामुळे एकदा तळाला गेलेला तळालाच राहतो. वर बसलेल्याला फार हुशारी लागत नाही. सुटका एकच: कुणी एकाच किमतीचे चार पत्ते एकदम टाकले तर 'काकुमेइ', क्रांती. सगळी उतरंड उलटी होते आणि हातातली तिर्री राणीलाही भारी पडते. संपत्तीच्या वाटपावर इतकं झटपट आणि विनामूल्य व्याख्यान दुसरं नाही.

इतिहासात या अक्षराचा सगळ्यात रंगतदार मुक्काम एदो काळातल्या, म्हणजे १६०३ ते १८६८ मधल्या, लॉटरीत आहे. तिला म्हणत 'तोमिकुजी', संपत्तीची चिठ्ठी. देवळांच्या दुरुस्तीला पैसा लागे आणि शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, खजिन्यातून तो मिळेनासा झाला, तेव्हा काही देवळांना लॉटरी काढायची परवानगी मिळाली. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, यानाका, मेगुरो आणि युशिमा इथल्या लॉटऱ्या इतक्या गाजल्या की त्यांना 'एदोच्या तीन तोमी' असं नावच पडलं. सोडत अशी: मोठ्या लाकडी पेटीत आकडे लिहिलेल्या लाकडी पट्ट्या. पेटीच्या झाकणाला भोक. लांब दांड्याचा टोकदार दाभण त्या भोकातून आत खुपसायचा, आणि टोकाला जी पट्टी टोचून वर येईल तिचा आकडा मोठ्यानं पुकारायचा. म्हणून या प्रकाराला 'तोमित्सुकी', म्हणजे तोमी टोचणं, असंही म्हणत. तिकीट गरिबाला परवडणारं नव्हतं, मग चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक घ्यायचं. अधिकृत सोडतीच्या आकड्यावर चोरून लावलेल्या पैजांचा धंदाही जोरात होता. त्याला शब्द होता 'कागेतोमी', सावलीतली तोमी. मटक्याच्या मुंबईत वाढलेल्याला याहून जास्त काही सांगायला नको. शेवटी १८४२ साली, काटकसर लादणाऱ्या सरकारी तेनपो सुधारणांच्या कडक वर्षांत, हे सगळं बंद पाडलं गेलं.

त्यानंतर शंभर वर्षं सरकारी लॉटरी नाही. महायुद्ध हरत आलं तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, पैसा उभा करायला सरकारनं तिकिटं काढली आणि नाव दिलं 'काचिफुदा', विजयाचं तिकीट. सोडत होईपर्यंत देश शरण आला होता, आणि लोकांनी त्याचं नाव 'माकेफुदा', पराभवाचं तिकीट, करून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा लॉटरी निघाली ती 'ताकाराकुजी' या नावानं, रत्नाची चिठ्ठी, आणि हे नाव आजवर चालू आहे. जुना शब्द 'तोमिकुजी' मात्र मेला नाही, तो कायद्यात जाऊन बसला. जपानी दंडसंहितेच्या १८७ व्या कलमात ज्या गुन्ह्याला शिक्षा सांगितली आहे तो म्हणजे तोमिकुजी विकणं. सरकारनं काढली तर ताकाराकुजी, तुम्ही-आम्ही काढली तर तोमिकुजी.

या अक्षराचं नाव लाभलेली इतिहासातली सगळ्यात चपखल व्यक्ती हिनो तोमिको. १४४० ते १४९६ हा तिचा काळ, आशिकागा योशिमासा या शोगुनची ती पत्नी. ओनिनच्या युद्धात, १४६७ पासून दहा वर्षं, क्योतो शहर जळत होतं, नवरा कलेत आणि बागांत रमला होता, आणि या बाई सरदारांना व्याजानं पैसे देत होत्या. दोन्ही बाजूंच्या सरदारांना, असं सांगतात. क्योतोच्या सात वेशींवर तिनं जकातनाके बसवले. कारण दिलं राजवाड्याच्या दुरुस्तीचं, पैसा राहिला स्वतःकडे, असा तिच्यावर ठपका आहे, आणि चिडलेल्या लोकांनी ते नाके उद्ध्वस्त केल्याचं इतिहास सांगतो. तिला 'जपानी इतिहासातली खलनायिका' म्हणण्याची रीत आहे. मला ती रीत जरा सोयीची वाटते. राज्यकारभार सोडून बसलेल्या नवऱ्याच्या वाट्याला 'रसिक' हे विशेषण आणि तिजोरी सांभाळणारीच्या वाट्याला 'लोभी'.

एकोणिसाव्या शतकात हे अक्षर घोषणा झालं. मेइजी काळातलं ब्रीद होतं 'फुकोकु क्योहेइ', देश श्रीमंत करा, सैन्य बलवान करा. शब्द जुना चिनी, गरज नवी, कारण पाश्चात्त्य जहाजं दारात उभी होती. यात व्याकरणाची एक गंमत आहे. 'फुकोकु'त श्रीमंतीचं अक्षर आधी आणि देशाचं नंतर. चिनी रचनेत क्रियापद आधी येतं, म्हणून अर्थ होतो 'देशाला श्रीमंत करणं'. तीच दोन अक्षरं उलटी लावली की होतं 'कोकुफु', म्हणजे देशाची संपत्ती. ॲडम स्मिथचा अर्थशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ जपानात 'कोकुफुरोन' म्हणून ओळखला जातो तो यामुळे. एकात हुकूम आहे, दुसऱ्यात वस्तू.

हा हुकूम प्रत्यक्षात कसा उतरला ते बघायचं तर गुनमा प्रांतात तोमिओका या गावी जावं. गावाच्या नावात पहिलं अक्षर हेच, 'संपन्न टेकडी'. १८७२ साली सरकारनं इथं रेशमाची गिरणी काढली, तेव्हा जपानला परकीय चलन मिळवून देणारा मुख्य माल रेशीमच होता. पॉल ब्रुना नावाचा फ्रेंच माणूस प्रमुख, यंत्रं फ्रान्सची, आणि विटा भाजल्या त्या कौलं घडवणाऱ्या स्थानिक कारागिरांनी, कारण विटा कशा करतात हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. कोशांतून धागा काढायची ३०० यंत्रं एका छताखाली, तेव्हाच्या जगातल्या मोठ्यात मोठ्या गिरण्यांपैकी ही एक. पण कामाला मुली येईनात. फ्रेंच लोक माणसाचं रक्त पितात अशी आवई उठली होती, आणि त्याचं कारण होतं त्यांच्या जेवणातली लाल वाइन. शेवटी गिरणीचे व्यवस्थापक ओदाका आत्सुतादा यांनी आपल्याच किशोरवयीन मुलीला, यूला, पहिली कामगार म्हणून आणलं, तेव्हा कुठं बाकीच्या आल्या. गिरणी १९८७ पर्यंत चालली आणि २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली.

याच ओदाकांचे मेहुणे शिबुसावा एइइची. गिरणी उभारायच्या कामात त्यांचाही हात होता. पुढं शेकडो कंपन्या काढायला त्यांनी मदत केली, आणि जुलै २०२४ पासून दहा हजार येनच्या नव्या नोटेवर तेच आहेत. त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं होतं की नीती आणि नफा एकत्र नांदू शकतात. त्यासाठी ते कन्फ्यूशियसचं वचन घेत, ज्याची सुरुवातच आपल्या अक्षरानं होते: संपत्ती आणि मानमरातब सगळ्यांनाच हवा असतो, पण तो योग्य वाटेनं मिळालेला नसेल तर सज्जन तिथं थांबत नाही. जुने पंडित हे वाचून म्हणत, बघा, पैसा वाईट. शिबुसावांचं म्हणणं, नीट वाचा. वाईट वाटेचा निषेध आहे, पैशाचा नाही.

इथवर अर्थाचं झालं. आता त्या दुसऱ्या आयुष्याकडे, जिथं हे अक्षर निव्वळ आवाजासाठी आणि शुभ दिसतं म्हणून वापरतात, टोफूसारखं.

सगळ्यात मोठं उदाहरण ३७७६ मीटर उंच आहे. फुजी पर्वताच्या नावातलं पहिलं अक्षर हेच, दुसरं 'योद्धा'. म्हणून कुणी 'संपन्न योद्ध्यांचा पर्वत' असं भाषांतर केलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. नाव जुनं, अक्षरं मागाहून बसवलेली. जुन्या लिखाणात हाच उच्चार 'न संपणारा', 'ज्याला जोड नाही असा', 'अमर' अशा अर्थांच्या अक्षरांनीही लिहिलेला सापडतो. 'ताकेतोरी मोनोगातारी' या हजार वर्षांहून जुन्या कथेच्या शेवटी यावर एक कोटीच आहे. चंद्राची राजकन्या परत जाताना अमरत्वाचं औषध ठेवून जाते, विरहानं व्याकूळ सम्राट ते जाळून टाकायला एका उंच पर्वतावर पाठवतो, आणि पुष्कळ योद्धे तो पर्वत चढतात. पुष्कळ योद्धे, म्हणून 'फु-जी'. 'फुशी' म्हणजे अमर, हा दुसरा श्लेष वाचकाच्या कानात आधीच वाजत असतो.

उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं फुरानो हे तर याहून भारी. लॅव्हेंडरच्या जांभळ्या शेतांचे फोटो पाहिले असतील, ते हेच गाव. लिहितात 'संपन्न, उत्तम, माळ' अशा तीन अक्षरांनी. मूळ नाव तिथल्या आइनू लोकांच्या भाषेतलं, आणि त्याचा अर्थ वास मारणारी जागा. ज्वालामुखीच्या गंधकाचा वास. फुजी इलेक्ट्रिक या कंपनीचं नावही पर्वतावरून आलं असं वाटतं ना? १९२३ मध्ये जपानची फुरुकावा आणि जर्मनीची सीमेन्स या कंपन्यांनी मिळून ती काढली. फुरुकावातला 'फु', आणि जर्मन वळणानं 'जीमेन्स' म्हटलं की त्यातला 'जी'. अक्षरं पर्वताची उसनी घेतली. पुढं तिच्यातून निघालेली फुजित्सू ही कंपनी आपल्याकडच्या आयटीवाल्यांना चांगलीच ठाऊक आहे.

तोयामा प्रांताच्या नावात हे अक्षर 'तो' असं वाचतात, 'संपन्न डोंगर'. मूळ नाव 'बाहेरचा डोंगर' असं होतं असं एक मत आहे. ते काही असो, या भागानं संपत्ती मिळवायची जी रीत काढली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तोयामाचे औषधविक्रेते एदो काळापासून पाठीवर गाठोडं बांधून देशभर हिंडत. घरात औषधांची पेटी ठेवून जायची, पैसे घ्यायचे नाहीत. वर्षानं परत यायचं, पेटी उघडायची, जेवढं वापरलं गेलं तेवढ्याचेच पैसे घ्यायचे, जुनं काढून नवं भरायचं. या तत्त्वाला म्हणतात 'सेन्यो कोरी', आधी वापर, मग नफा. पोरांना कागदी फुगा मिळे, त्यामुळे विक्रेत्याची वाट सगळ्यात जास्त तीच बघत. कोणत्या घरात कोण राहतं, काय दुखतं, कोणतं औषध किती संपलं, हे सगळं एका वहीत. ती वही इतकी मोलाची की तिची खरेदी-विक्री होई.

शाळेत हे अक्षर आधी पाचवीत शिकवत. २०२० पासून ते चौथीत आलं, कारण सगळ्या ४७ प्रांतांची नावं मुलांना चौथीतच कांजीत लिहिता यावीत असं ठरलं. म्हणजे जपानी मूल 'श्रीमंती' एक वर्ष आधी शिकतं ते तोयामामुळे.

शेवटी त्या वरच्या ठिपक्याबद्दल. या अक्षराचं एक अकरा रेघांचं रूपही आहे, ज्याच्या छपरावर तो ठिपका नसतो. अर्थ तोच, उच्चार तोच. चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या प्रसिद्ध चित्रमालिकेच्या नावात हे बिनठिपक्याचं रूप आहे. मालिकेचं नाव छत्तीस दृश्यं आणि चित्रं प्रत्यक्षात ४६, पण तो विषय वेगळा. रोजच्या वापराच्या यादीत ठिपक्याचं रूपच आहे. बिनठिपक्याचं रूप सरकारनं माणसांच्या नावांसाठी मान्य केलेल्या वेगळ्या यादीत येतं, आणि आडनावांत ते सर्रास दिसतं. एक तोमिता ठिपकावाले, दुसरे तोमिता ठिपक्याविना, आणि दोघंही आपापल्या रूपाबद्दल कमालीचे काटेकोर. जपानी कंपनीशी ईमेलचा व्यवहार असेल तर समोरच्याचं नाव स्वतः टाइप करू नका, त्याच्या सहीतून उचलून चिकटवा. फोनवर अक्षर सांगायची वेळ आली तर 'फुजी-सानचा (फुजी पर्वताचा) फु' म्हणायचं, लगेच कळतं. आणि पलीकडचा माणूस 'वाकानमुरी' असं काही म्हणाला, तर समजायचं की त्याच्या छपराला ठिपका नाही.